तारेतील बाण आत वळलेले हवेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पुरेशा थंड केल्यावर रोधाविना वीज वाहून नेणाऱ्या अतिसंवाहक तारांवर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने नायोबियम आणि कथिलाच्या संयुगासाठी अर्धे पान दिले याचे मला अप्रूप वाटले, आणि म्हणूनच त्यातील एक चूक तशीच राहू नये असेही वाटले. लेखासोबतच्या आकृतीत तारेच्या आतील बारीक तंतूंवर दोन्ही टोकांना बाहेरच्या दिशेने जाणारे बाण काढले आहेत आणि त्याखाली ‘तार ओढताना तंतूंमध्ये निर्माण होणारा ताण’ असे छापले आहे. यातील बाणांची दिशा उलटी आहे आणि दिलेले कारणही चुकीचे आहे. लेखाच्या शेवटी असा ताण ‘न्यूट्रॉनच्या साहाय्याने मोजतात’ एवढे एकच वाक्य आहे. ते बरोबर असले तरी, न्यूट्रॉनच का, हा सर्वांत रंजक प्रश्न त्यात गिळला गेला आहे.

मी धातुशास्त्राचा पदवीधर. नोकरीची पहिली काही वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका तार कारखान्याच्या चाचणी विभागात गेली आणि पुढची एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत, जिथे नायोबियम-कथिल तारेचे नमुने माझ्या हाताखालून जात असत. एवढी ओळख पुरे.

आधी कारणाविषयी. ही तार कारखान्यात ओढली जात असते तेव्हा तिच्यात नायोबियम-कथिल हे संयुग जन्मालाच आलेले नसते. रूढ पद्धतींपैकी एकीत कांशाच्या ठोकळ्यात नायोबियमच्या कांड्या बसवतात, तो ठोकळा दाबून लांब करतात आणि मग एकाहून एक लहान भोकाच्या डायमधून ओढत नेतात. झवेरी बाजारातल्या कारागिराने भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून सोन्याची तार ओढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही क्रिया वेगळी समजावून सांगायला नको. तो कारागीर तार ओढून ताठर झाली की ती तापवून मऊ करतो, तसेच इथेही करावे लागते, कारण कांसे ओढता ओढता फार लवकर कडक होते. अशा तारा कापून, त्यांची मोळी बांधून, तांब्याच्या आवरणात घालून ती मोळी पुन्हा ओढायची. शेवटी जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेत काही मायक्रोमीटर जाडीचे हजारो तंतू एकमेकांना समांतर धावत असतात.

या टप्प्यावर तार हवी तशी वळते. तिची गुंडाळी करायची असेल तर ती आत्ताच, कारण नंतर ती वळवता येत नाही. गुंडाळी झाली की ती भट्टीत जाते आणि सुमारे ६५० अंश सेल्सिअसला शंभर तासांहून अधिक काळ राहते. त्या काळात कांशातले कथिल हळूहळू नायोबियमच्या तंतूंत शिरते आणि हवे ते संयुग तयार होते. हे संयुग काचेसारखे ठिसूळ असते. भट्टीत असताना तांबे आणि कांसे मात्र पार मऊ पडतात, आणि डायमधून ओढताना त्यांच्यात जे काही साठले असेल ते या दीर्घ तापवण्यात निघून जाते. आकृतीखालच्या ओळीत ज्या ‘ओढण्या’ला दोष दिला आहे, त्याचा हिशेब भट्टीतच मिटलेला असतो.

जे राहते ते भट्टी थंड होताना निर्माण होते. ६५० अंशांपासून द्रव हेलियमच्या तापमानापर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, ही तार जवळजवळ ९२० अंशांनी थंड होते. या प्रवासात तांबे आणि कांसे साधारण दीड टक्का आखडतात. नायोबियम-कथिल मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी आखडते. दोघे स्वतंत्र असते तर आपापल्या परीने लहान झाले असते आणि कोणाचे काही बिघडले नसते. पण ते एकाच तारेत घट्ट चिकटलेले आहेत. तांबे तंतूंना आत खेचते, तंतू तांब्याला बाहेर रेटून धरतात, आणि शेवटी दोघांच्याही मनासारखे न होता मध्येच कुठेतरी तडजोड होते. तांबे आणि कांसे मऊ असल्याने ते बरेचसे नमते घेतात, कायमचे ताणले जातात, आणि म्हणून सगळा फरक तंतूंच्या वाट्याला येत नाही. तरीही सुट्या तारेत तंतूंना लांबीच्या दिशेने साधारण ०.२ ते ०.४ टक्के आकुंचन सोसावे लागते. तीच तार पोलादी नळीत बंद केलेल्या जाड केबलचा भाग असेल, तर नळीही तंतूंहून जास्त आखडणारी असल्यामुळे हा आकडा ०.६ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. तारेला अजून कोणी हातही लावलेला नाही, तिच्यातून वीज वाहिलेली नाही, आणि तंतू दोन्ही टोकांकडून आत दाबले गेलेले आहेत. आकृतीतले बाण आत वळलेले हवेत, ते यासाठी.

‘०.३ टक्के म्हणजे किती ते?’ असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. मुंबईकराला याचे माप देणारी एक गोष्ट दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते. डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या थंड पहाटे रुळाला तडा जातो आणि मध्य रेल्वेच्या गाड्या रखडतात. आजकालचे रूळ लांबच लांब जोडलेले असतात. थंडीत त्यांना आखडायचे असते, पण स्लीपर आणि खडी त्यांना हलू देत नाहीत. रुळाची लांबी डोळ्यांना तेवढीच दिसते आणि तरीही तो आतून ताणलेला असतो. ज्या तापमानाला तो रूळ ताणरहित बसवला, त्याहून पहाटेचे तापमान २५ अंशांनी खाली गेले असे धरले, तर पोलादाच्या प्रसरणांकावरून हा आतला बदल सुमारे ०.०३ टक्के निघतो. तंतूंतला बदल त्याच्या दहापट आहे. रुळाच्या उदाहरणात बाण बाहेर जातात आणि तंतूत आत येतात, हा भेद लक्षात ठेवावा. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि ती पुढे लागणार आहे. नुसत्या रुळाकडे पाहून तो किती ताणलेला आहे हे सांगता येत नाही. त्याची ताणरहित लांबी काय होती ते ठाऊक असावे लागते.

या आकुंचनाची फिकीर का करायची, तर या संयुगाची अतिसंवाहकता त्याच्या स्फटिकातील अणूंच्या मांडणीवर फार नाजूकपणे अवलंबून असते. ते साधारण १८ केल्व्हिनखाली (उणे २५५ अंश सेल्सिअसखाली) अतिसंवाहक होते, पण त्याला दाबले किंवा ताणले की ते तापमानही उतरते, सोसता येणारे चुंबकीय क्षेत्रही घटते आणि वाहून नेता येणारा प्रवाहही कमी होतो. क्षेत्र जितके तीव्र, तितका हा परिणाम जास्त. म्हणूनच अशा तारेला थंड अवस्थेत हलकेच ओढले तर सुरुवातीला तिची क्षमता वाढते. ऐकायला विचित्र वाटते, पण कारण सरळ आहे: आत दाबलेले तंतू ओढण्यामुळे मोकळे होत जातात. दाब पुरा निघाला की क्षमता शिखरावर पोहोचते, त्यापुढे ओढले की उतरू लागते, आणि आणखी ओढले की तंतूंना चिरा पडतात व ती कधीच परत येत नाही. हे शिखर कुठे आहे यावरून आतला दाब किती होता याचा अंदाज बांधता येतो आणि गेली कित्येक दशके तो तसा बांधला जातो. परंतु तो अंदाजच. तंतू प्रत्यक्ष किती दबले आहेत हे त्यात कोणी पाहिलेले नसते.

मग तार कापून का पाहू नये? या प्रश्नाचे उत्तर मला तार कारखान्यात, माझ्या पहिल्याच वर्षी मिळाले. थंड अवस्थेत ओढलेल्या पितळी सळ्यांची एक खेप नुसती साठवणीत पडल्या पडल्या चिरत होती. रासायनिक पृथक्करणात काही सापडेना. शेवटी आमच्या वरिष्ठांनी हातभर लांबीचा एक तुकडा पकडीत धरायला सांगितला आणि हॅकसॉने त्याला टोकापासून मधोमध, लांबीच्या दिशेने चिरायला सुरुवात केली. बोटभर चिरले असेल नसेल तोच दोन्ही अर्धे बाहेरच्या बाजूला वळू लागले, फोकाटीच्या चिरलेल्या टोकासारखे. वीतभर चिरून झाल्यावर टोकाशी माझी करंगळी सहज आत जाईल एवढी फट पडली. सळईच्या पृष्ठभागावर ताण आणि गाभ्यात दाब कोंडलेला होता आणि करवतीने त्याला वाट करून दिली, एवढाच त्याचा अर्थ. मात्र त्या फटीवरून मूळचा ताण किती होता याचे गणित मांडताना मी विचारले, की आता हा तुकडा कोणत्या अवस्थेत आहे. वरिष्ठ म्हणाले, “आता त्यात काही नाही. होतं ते गेलं.”

सळईच्या बाबतीत हे चालून जाते, कारण दुसरी सळई असते. अतिसंवाहक तारेत कापण्याची अडचण याहून मोठी आहे. तंतू मायक्रोमीटरच्या जाडीचे, भोवतीचा धातू त्यांना धरून ठेवणारा; कापले की कापल्या तोंडापाशी तंतू सैल होतात आणि आपण मोजतो ते कापलेल्या तारेचे, न कापलेल्या तारेचे नव्हे. नेहमीच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण तांब्यात काही दशांश मिलिमीटरही शिरत नाहीत, तेव्हा त्यांना तारेचे आवरणच दिसते. पोलादी नळीतल्या केबलविषयी तर बोलायलाच नको.

न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीशी त्याला फारसे देणेघेणे नसल्यामुळे तो धातूत सेंटिमीटरच्या हिशेबात आत जातो आणि थेट अणुगर्भांवरून विखुरतो. त्याच्या अंगी तरंगाचेही गुण असतात, आणि मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी स्फटिकातील अणूंच्या थरांमधील अंतराइतकीच पडते, हा निसर्गाने दिलेला सुयोग. अणूंच्या समांतर थरांवरून परतणारे तरंग ठरावीक कोनातच एकमेकांना बळकटी देतात. थरांतील अंतर, कोन आणि तरंगलांबी यांचा हा संबंध ब्रॅग पितापुत्रांच्या नावाने १९१३ पासून ओळखला जातो. थर जवळ आले की हा मेळ बिघडतो आणि मोजणीच्या आलेखावर या बळकटीचे जे शिखर उमटते ते सरकते. नायोबियम-कथिल, तांबे, कांसे, पोलाद यांच्या स्फटिकरचना वेगवेगळ्या असल्यामुळे प्रत्येकाची शिखरे आपापल्या जागी वेगळी उमटतात. एकाच मोजणीत तांबे किती ताणले गेले आणि तंतू किती दबले, हे दोन्ही वाचता येते, आणि तारेला ओरखडाही उठत नाही. स्फटिकाच्या थरांतील अंतर हीच इथे मोजपट्टी, आणि ती तंतूच्या आत आधीपासूनच कोरलेली आहे.

प्रत्यक्षात हे कसे करतात ते जपानमधील टोकाई येथील जे-पार्क या प्रोटॉन त्वरक केंद्राच्या उदाहरणाने सांगतो, कारण या विषयातले बरेच काम तिथे झाले आहे. तिथल्या या उपकरणाचे नाव ताकुमी. जपानीत हा शब्द कसबी कारागिराला लावतात. प्रोटॉनांचा झोत पाऱ्यावर आदळून सेकंदाला २५ वेळा न्यूट्रॉनांचा फवारा उडतो आणि ते सुमारे ४० मीटर धावून नमुन्यापाशी येतात. इथे शर्यतीसारखा प्रकार असतो. वेगवान न्यूट्रॉनची तरंगलांबी कमी, मंद न्यूट्रॉनची जास्त, त्यामुळे पोहोचायला लागलेल्या वेळावरून तरंगलांबी कळते. १.८ अँगस्ट्रॉम (०.१८ नॅनोमीटर) तरंगलांबीचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २,२०० मीटर धावतो, म्हणजे ४० मीटरला त्याला १८ मिलिसेकंद लागतात. तंतूतील थर ०.३ टक्के जवळ आले असतील तर त्या शिखराचे न्यूट्रॉन सुमारे ५४ मायक्रोसेकंद आधी पोहोचतात. एवढा फरक आजच्या उपकरणांना ठळक दिसतो, ०.०१ टक्क्याचा बदलही त्यांच्या आवाक्यात आहे.

तार झोताशी ४५ अंशांत तिरपी ठेवतात आणि दोन्ही बाजूंना ९० अंशांवर संवेदक असतात. एका बाजूच्या संवेदकाला तारेला आडवे असलेले थर दिसतात, त्यावरून लांबीच्या दिशेचा बदल कळतो. दुसऱ्या बाजूला तारेला समांतर असलेले थर दिसतात, त्यावरून जाडीच्या दिशेचा. थंड तारेत पहिला आकडा उणे निघतो आणि दुसरा बहुधा अधिक. लांबीत दाबलेली वस्तू आडवी फुगते, त्याचाच हा पडताळा. आपल्या आकृतीत दुसऱ्या जोडीचे बाण मुळीच नाहीत, हेही जाता जाता नोंदवतो.

आता रुळाच्या उदाहरणातील ती ताणरहित लांबी. थरांमधले अंतर मोजले तरी त्याची तुलना कशाशी करायची? पुस्तकात नायोबियम-कथिलाच्या एकक कोशाची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याची, बाजू ०.५२९ नॅनोमीटर दिलेली असते, पण तेवढ्यावर भागत नाही. या संयुगात कथिलाचे प्रमाण अणूंच्या हिशेबाने साधारण १८ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान बदलू शकते आणि त्याबरोबर कोशाचे मापही बदलते. कांशाच्या पद्धतीत तंतूच्या बाहेरील कडेला कथिल जास्त आणि गाभ्याकडे कमी असते. पुस्तकातल्या आकड्याशी तुलना केली तर रासायनिक फरकच ताण म्हणून मोजला जाण्याची भीती. म्हणून त्याच तारेचा एक तुकडा नायट्रिक आम्लात सोडतात. तांबे आणि कांसे विरघळतात, द्राव निळसर हिरवा होतो, वर तपकिरी वाफ येते (हे काम धूरकपाटातच करायचे असते), आणि तासाभराने तळाशी करड्या केसांचा झुबका उरतो. हे मोकळे झालेले तंतू. त्यांना आत खेचणारे आता कोणी नाही, म्हणून त्यांच्या थरांतील अंतर हीच आपली ताणरहित लांबी. आख्खी तार हवी म्हणून न्यूट्रॉन वापरायचे, आणि त्यांचा आकडा वाचता यावा म्हणून त्याच तारेचा एक तुकडा आम्लात गमवायचा, यातली गंमत मला आजही वाटते. तो झुबका चिमट्याने उचलताना हात जरा जरी हलला तरी तंतू तुटतात. माझ्या हातून अनेकदा तुटले आहेत.

काचेसारखी ठिसूळ तार वाकवून सुधारते, असे कोणी म्हटले तर विश्वास बसणार नाही. पण सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी भट्टीतून निघालेली, बळकटी दिलेली तार खोलीच्या तापमानाला बेताने या बाजूला आणि त्या बाजूला पुन्हा पुन्हा वाकवली, तेव्हा तिची प्रवाहक्षमता वाढलेली आढळली. न्यूट्रॉनच्या मोजणीने त्याचा उलगडा झाला. वाकवण्यामुळे भोवतीचा मऊ धातू थोडा थोडा कायमचा ताणला जातो, तंतूंवरची त्याची पकड सैल होते आणि आतला दाब कमी होतो. आडव्या दिशेचा बदलही कमी होतो, हे नुसत्या प्रवाहाच्या चाचणीतून कधीच कळले नसते. या क्षेत्रातील सर्व निष्कर्षांत मला हा सर्वांत आवडतो, कारण कार्यशाळेतल्या हाताला जे जाणवावे तसे हे आहे.

फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या, अणुगर्भ जोडून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या इटर या संलयन प्रकल्पाचा उल्लेख लेखात आहे. तिथे या मोजणीचे काय काम, ते नाही. भारत त्या प्रकल्पाचा भागीदार आहे आणि त्याचे शीतपात्र, म्हणजे सगळे यंत्र सामावणारे भांडे, गुजरातमधील हजिऱ्यात घडले, एवढे सांगून लेख पुढे जातो. तिथल्या १८ मोठ्या चुंबकांच्या केबलमध्ये ९०० अतिसंवाहक तारा आणि ५२२ तांब्याच्या तारा पिळून पोलादी नळीत घातलेल्या आहेत. त्यातून ६८ हजार अँपिअर वाहतात आणि क्षेत्र ११.८ टेस्लापर्यंत जाते. या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर केबलच्या दर मीटरवर सुमारे ८० टनांचा रेटा येतो आणि तो सगळ्या तारांना नळीच्या एका बाजूला दाबतो. प्रकल्पाच्या मध्यवर्ती चुंबकासाठीच्या एका जपानी केबलची चाचणी घेताना हजारो वेळा प्रवाह चालू-बंद केल्यावर तिची क्षमता घसरत चालल्याचे दिसले. सर्वांना वाटावे की ज्या बाजूला तारा चेपल्या गेल्या तिथेच बिघाड असणार. ती केबल नळीसकट ताकुमीवर ठेवून पाहिली, तेव्हा रेटा कमी असलेल्या, म्हणजे समोरच्या बाजूच्या तारा जास्त वाकलेल्या निघाल्या. तारा एका बाजूला दाबल्या गेल्यावर दुसऱ्या बाजूला पोकळी पडते, आधार सुटतो, आणि आधीपासूनच लांबीच्या दिशेने दाबलेल्या तारा तिथे वाकतात. नळी कापली असती तर ही मांडणीच ढळली असती. पुढे केबलमधील तारांचा पीळ अधिक घट्ट करण्यात आला आणि त्या रचनेत ही घसरण आढळली नाही.

इथेही पाहा, सर्व गोष्टीचे मूळ तोच दाब आहे. तारा आधी ताणलेल्या असत्या, लेखातल्या आकृतीत दाखवल्या आहेत तशा, तर त्या अशा वाकल्याच नसत्या. ताणलेली दोरी वाकत नाही. दोन्ही टोकांनी दाबलेली काडी वाकते.

लेखात एमआरआय यंत्राचे उदाहरण दिले आहे, ते मात्र इथे लागू पडत नाही. इस्पितळातील १.५ किंवा ३ टेस्लाच्या यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमची तार असते. ती लवचीक मिश्रधातूची, ओढून तयार झाली की तशीच वापरायची, आणि एवढ्याशा आकुंचनाने तिचे विशेष बिघडत नाही. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील एसएसटी-१ या यंत्रातील चुंबकही याच मिश्रधातूचे आहेत. क्षेत्र दहा-अकरा टेस्लाच्या वर न्यायचे झाले की हा मिश्रधातू ४.२ केल्व्हिनला साथ सोडतो आणि नायोबियम-कथिलाकडे वळावे लागते.

न्यूट्रॉनच्या झोतात ठेवलेली तार ‘किरणोत्सर्गी होऊन निकामी होते’ असे लेखातील एक वाक्य सुचवते. या मोजणीसाठीचा झोत फार क्षीण असतो. तांब्यात थोडी सक्रियता येते, पण तिच्यातील मुख्य समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे १२.७ तास आहे. नमुना काही दिवस बाजूला ठेवतात, सुरक्षा विभाग मोजून पाहतो आणि मग तो परत मिळतो. तारेच्या गुणधर्मांत त्याने फरक पडत नाही.

आणि हे सर्व जपानपुरते किंवा युरोपपुरते आहे, असा समज होऊ नये. चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडे, तुर्भ्यात (ट्रॉम्बे), आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९५६ पासून न्यूट्रॉन आहेत. त्या वर्षी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी आली आणि तिच्याभोवती न्यूट्रॉन संशोधनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. न्यूट्रॉन विखुरणासाठी १९९४ चे नोबेल ज्यांना विभागून मिळाले त्यांपैकी बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याकडे कॅनडात काम करून परतलेले डॉ. पी. के. अय्यंगार यांनी इथे या विद्येचा पाया घातला. विद्यापीठांतील संशोधकांना यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग) संघाच्या मुंबई केंद्रामार्फत तिथल्या उपकरणांवर काम करता येते. आपल्या पुरवणीचा वाचक कलिन्याला किंवा माटुंग्याला शिकत असेल, तर हा विषय त्याच्यापासून लोकलच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहे, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते.

शेवटी शब्दांविषयी, कारण माझ्या मते चुकीचे मूळ तिथेच आहे. लेखकाने इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या दोहोंसाठी ‘ताण’ हा एकच शब्द वापरला आहे. मराठी शास्त्रीय लिखाणात पहिल्यासाठी प्रतिबल आणि दुसऱ्यासाठी विकृती हे शब्द आहेत. वर्तमानपत्रात ‘तारेतील विकृती’ लिहिले तर वाचक दचकेल, हे मी समजू शकतो. प्रयोगशाळेत आम्हीही बोलताना ‘स्ट्रेन’च म्हणत असू. पण ‘ताण’ या शब्दातच ओढल्याचा अर्थ आहे. तो एकदा लिहिला की चित्रकाराचा बाण आपोआप बाहेर जातो, त्याला दोष देता येत नाही. या तारेपुरते ‘आतले आकुंचन’ म्हटले असते तरी चालले असते. न्यूट्रॉन मोजतात तेही प्रतिबल नव्हे, थरांमधील अंतरातला बदलच. प्रतिबल त्यावरून, त्या पदार्थाच्या स्थितिस्थापकतेचा आकडा घेऊन, नंतर काढायचे असते.

तेव्हा ही आकृती आपण पुन्हा छापणार असाल, तर तंतूवरचे दोन्ही बाण आत वळवावेत, तांब्यावरचे बाहेर ठेवावेत, तंतूच्या आडव्या दिशेने बाहेर जाणारी एक लहान जोडी काढावी, आणि खालची ओळ ‘भट्टीतून काढून द्रव हेलियमपर्यंत थंड केल्यावर’ अशी करावी.

आपला,
एक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई